आधी शाळा, मग भाड्याचं घर, प्लॉट सगळ्यात शेवटी

वाचकाचं पत्र: आम्ही तेरा वर्षं दुबईत आहोत. मिस्टर एका मेंटेनन्स कंपनीत एसी सुपरवायझर, मी एका क्लिनिकमध्ये अकाउंट्स बघते. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत, दोघंही सीबीएसईच्या शाळेत. मुलीचा जन्म इथलाच. सासरे 73 वर्षांचे, सासूबाई 67 च्या. दोघं नंदनवनच्या घरी धाकट्या दिरांसोबत राहतात. आता कायमचं नागपूरला यायचं ठरवतोय. मिस्टरांचं म्हणणं, मुलाची दहावी इथेच होऊ द्यावी, मग ग्रॅच्युइटीच्या पैशात बेसा भागात प्लॉट घ्यावा आणि आल्याबरोबर एसी-कूलरचं स्वतःचं दुकान टाकावं. मला भीती वाटते की पहिल्याच वर्षी सगळी पुंजी संपेल. मुलगा डॉक्टर व्हायचं म्हणतो. सुरुवात कुठून करू?

ताई, सुरुवात मुलाच्या दहावीपासून करा. बाकीच्या गोष्टी चार-सहा महिने मागेपुढे झाल्या तर निभावतात, ही निभत नाही.

महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 85 टक्के जागा राज्य कोट्यातून भरतात. त्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्याच शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला हवा. बोर्ड सीबीएसई असलं तरी चालतं. शाळा राज्यात असावी लागते. मुलाने दहावी दुबईत दिली, तर नीटमध्ये चांगले गुण पडूनही नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी महाविद्यालयांतली राज्य कोट्याची जागा त्याला मिळणार नाही. मग उरतो 15 टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, नाही तर खासगी कॉलेजांच्या महागड्या जागा. इंजिनिअरिंगला नियम सैल आहे, तिथे आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असले तरी मुलगा राज्याचा उमेदवार धरला जातो. पण तो डॉक्टर व्हायचं म्हणतोय, तेव्हा हे दार तुम्ही स्वतःच्या हाताने लावू नका. दहावी तिथेच करण्याचा बेत सोडा, एवढं मिस्टरांना आमच्या वतीने ठामपणे सांगा.

म्हणजे आठवी मार्चमध्ये तिथे संपवायची आणि एप्रिलमध्ये नववीत नागपुरात बसवायचं. आणखी एक वर्ष थांबून थेट दहावीला आणू, असा मधला मार्ग काही पालक काढतात आणि तो सगळ्यात वाईट ठरतो. सीबीएसईत विद्यार्थ्याची बोर्डाकडे नोंदणी नववीतच होते, दहावीतल्या थेट प्रवेशाला बोर्डाची परवानगी लागते, आणि शाळा ती जबाबदारी सहसा अंगावर घेत नाहीत. नागपूरच्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होऊन तीन-चार आठवड्यांत उन्हाळी सुट्टीला लागतात आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा भरतात. तेवढ्यात वर्गातली तोंडं ओळखीची होतात, आणि पुढचे दोन महिने मराठी नि गणितातला मागचा भाग भरून काढायला मिळतात. प्रवेशाचे अर्ज मात्र डिसेंबर-जानेवारीपासूनच टाका. नववीच्या रिकाम्या जागा मोजक्याच असतात, म्हणून तीन शाळांना ईमेल करून लेखी उत्तर मागा आणि त्याच पत्रात विचारून घ्या की टीसीवर दुबईतल्या कोणत्या खात्याचं साक्षांकन लागेल. ते तिथे असताना करून घेणं सोपं असतं; इथे आल्यावर कुरिअर आणि ओळखीपाळखीवर अवलंबून राहावं लागतं.

नावाकडे फार बारकाईने बघा. नववीच्या नोंदणीत जे नाव चढतं तेच दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलं जातं आणि तो कागद पुढे आयुष्यभर पुरावा म्हणून चालतो. आखातात राहिलेल्या मुलांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, टीसीवर फक्त पहिलं नाव आणि आडनाव असतं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. हे तीनही कागद एकमेकांशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मुलांची आधार कार्डं नसतील तर भारतीय पासपोर्टवर आल्याबरोबर नोंदणी होते, 182 दिवस थांबावं लागत नाही. असतील तर मुलाचं वयाच्या पंधराव्या वर्षीचं बायोमेट्रिक अद्ययावत करणं जवळ आलंय, तेही करून टाका.

मुलीचा जन्म भारतीय वाणिज्य दूतावासात नोंदवलेला आहे ना? नसेल आणि तिथे राहून गेलंच, तर कायमचं राहायला परतलेल्या पालकांना मूल भारतात आल्यापासून 60 दिवसांच्या आत इथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे नोंद करता येते. ही मुदत चुकली की हेलपाटे वाढतात. तिथल्या जन्मदाखल्यावर तिथल्याच परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मारून आणा, इंग्रजी प्रतही घ्या.

मराठीचं सांगते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. मुलगी चौथीत जाईल, तिला आत्तापासून रोज वीस मिनिटं बाराखडी, जोडाक्षरं आणि श्रुतलेखन द्या, ती पकडून घेईल. मुलगा घरी मराठी बोलत असला तरी लिहिताना अडखळेल. नववीत मराठी कोणत्या पातळीची घेतात आणि तिचे गुण कुठे धरतात, हे शाळेला विचारून घ्या, म्हणजे पहिल्या चाचणीत तो खचणार नाही.

जातीच्या आरक्षणात बसत असाल तर दाखल्यांचं काम बारावीवर ढकलू नका. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीत सापडतो. सासऱ्यांना आठवतंय तोवर त्यांच्या गावच्या शाळेचं नाव आणि साल विचारून लिहून ठेवा.

आता दुबईतली आवराआवर. ग्रॅच्युइटीचा अंदाज बहुतेक लोक एकूण पगारावर बांधतात आणि तिथेच फसतात. ती फक्त बेसिकवर मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचं, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराच्या वर जात नाही. समजा बेसिक 4000 दिरहम आहे. तेरा वर्षांचे 105 अधिक 240, म्हणजे 345 दिवस, दिवसाचे 133.33 धरले तर साधारण 46,000 दिरहम. या आकड्यात तुमचं बेसिक घालून आजच बघा, कारण प्लॉटचं सगळं स्वप्न याच रकमेवर उभं आहे. नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत हिशेब चुकता करणं कंपनीवर बंधनकारक आहे.

त्यापूर्वी क्रेडिट कार्डं आणि कर्जं बंद करून बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. कर्ज बाकी असताना अंतिम रक्कम खात्यात आली की बँक ती अडवू शकते, आणि बुडवून आलेलं कर्ज पुन्हा तिकडे जाताना विमानतळावर आडवं येतं. आधी तुमचा आणि मुलांचा व्हिसा रद्द होतो, मिस्टरांचा शेवटी. घरमालकाकडचे पुढच्या तारखांचे चेक परत मागा, इजारी (भाडेकराराची सरकारी नोंद) रद्द करा, आणि दीवाचं, म्हणजे वीज-पाण्याचं, शेवटचं बिल भरून अनामत परत घ्या. फ्लॅटची ती 2000 दिरहम असते. मिस्टरांचं अनुभवपत्र साक्षांकित करून घ्या आणि दुबई पोलिसांचा चारित्र्याचा दाखला काढून ठेवा. पुढे कधी बाहेर जायची वेळ आली तर इथे बसून हे मिळवणं जड जातं.

सामान कमी आणा. फ्रिज, वॉशिंग मशीन वीज-दाबाच्या दृष्टीने इथे चालतात, पण ते मॉडेल इथे विकलं जात नसेल तर एका बोर्डासाठी मशीन महिनाभर पडून राहतं. डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी आणण्याचा तर प्रश्नच नाही. पुस्तकं, मिस्टरांची चांगली हत्यारं, मुलांच्या आवडीच्या वस्तू आणि सगळ्यांच्या वैद्यकीय फायली एवढं पुरे.

पैशांत एक गैरसमज घरोघरी आढळतो. तेरा वर्षांनी परतल्यावर तुम्ही आयकराच्या दृष्टीने पहिली साधारण दोन वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या गटात बसता आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. याचा अर्थ लोक असा घेतात की एनआरई ठेवीचं (परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी खात्यातलं) व्याजही करमुक्तच राहतं. तसं नाही. एनआरई खात्याची सवलत परकीय चलन कायद्यातल्या निवासावर ठरते, आणि कायमचं परत आलात की त्या कायद्याने तुम्ही लगेच निवासी होता. त्या दिवसापासूनचं व्याज करपात्र. म्हणून आल्यावर लगेच बँकेला लेखी कळवा, एनआरई-एनआरओ खाती साध्या खात्यांत बदलून घ्या, म्युच्युअल फंड आणि डीमॅटचं केवायसी बदला. डॉलरमध्ये काही ठेवायचं असेल तर आरएफसी, म्हणजे निवासी माणसाचं परकीय चलनाचं, खातं उघडता येतं. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याजच मिळत नाही, तेव्हा घाईने मोडू नका.

आणि काहीही गुंतवण्याआधी बारा महिन्यांचा घरखर्च, दोन्ही मुलांची वर्षाची फी धरून, वेगळ्या ठेवीत टाका. ती ठेव तुमच्या नावावर असू द्या. दुकान, प्लॉट, नातेवाइकांची अडचण, कशासाठीही तिला हात लावायचा नाही. तुमची भीती रास्त आहे आणि तिच्यावरचा खरा उपाय हाच आहे. दुसरा उपाय तुमची नोकरी. पहिल्या वर्षी घरात एक ठरलेला पगार यायला हवा आणि तो तुमचा असणं सोपं आहे. क्लिनिकचा हिशेब सांभाळलेल्या माणसाला धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत मागणी असते. जीएसटीची विवरणपत्रं आणि टॅली यांची उजळणी तिथे असतानाच करा.

आरोग्य विमा आजच बघा, यायची वाट बघू नका. कंपनीचा विमा व्हिसासोबत संपतो. इथल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि तो काळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. अनिवासी असतानाही भारतातली पॉलिसी घेता येते. मिस्टरांना बीपी-शुगर असेल तर फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. लपवलेला आजार नेमका क्लेमच्या वेळी वर येतो. सासऱ्यांचं वय 70 च्या वर असल्याने उत्पन्न कितीही असलं तरी त्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. दिरांना सांगून ते कार्ड आत्ताच काढा. सासूबाईंसाठी वेगळी पॉलिसी लागेल.

घराकडे वळू. नंदनवनच्या घरात दोन कुटुंबं कोंबू नका. दिरांनी इतकी वर्षं आई-वडिलांचं केलंय, त्यांचा संसार तिथे बसलेला आहे. पहिल्या दिवशी तुम्ही पेट्या घेऊन उतरलात की कोणाचीही चूक नसताना स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या वेळेवर कुरबुर सुरू होते. दहा मिनिटांच्या अंतरावर भाड्याने राहा, सक्करदरा, रेशीमबाग, हनुमाननगर असं कुठेही, आणि सासू-सासऱ्यांची औषधं, दवाखाना, एक वेळचा डबा असं काही ठरवून अंगावर घ्या. मनापासून करायचं असलं तरी कोण काय करणार हे आधीच बोललेलं बरं. वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा विषय पहिल्या वर्षी काढू नका.

वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास पारा गेला की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता टाकत राहतो, आणि तुमची मुलं आजवर एसीतून एसीत फिरलेली आहेत. कूलर बसवायला बाहेरच्या भिंतीला खिडकी आहे का आणि समोरून हवा बाहेर जायला वाट आहे का ते बघा. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो. घर नाल्या-नदीकाठी असेल तर शेजाऱ्यांना पुराचं विचारा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नाग नदीकाठी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट अशा चांगल्या वस्त्यांतही घरांत पाणी शिरलं होतं. भाडेकरार नोंदणीकृतच करा. राज्यात ते बंधनकारक आहे, आणि तोच कागद आधारचा पत्ता, गॅस, मतदार यादी आणि शाळा या सगळीकडे चालतो.

प्लॉट पहिल्या वर्षी घेऊ नका. एक उन्हाळा आणि एक पावसाळा नागपुरात काढल्याशिवाय कुठे राहायचं हे कळत नाही, आणि सुट्टीवर आलेल्या आखाती माणसाला एजंट रविवारी गाडीत घालून चार लेआउट दाखवतात, सोमवारी टोकन मागतात. टोकन द्यायचं नाही. आधी कागद मागायचे: सातबारा किंवा आखीव पत्रिका, फेरफार, अकृषिक आदेश, लेआउटचा मंजूर नकाशा. नागपुरात खरी मेख असते आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राची. शहरात आणि भोवती शेतीचे तुकडे पाडून विकलेले शेकडो अनधिकृत लेआउट आहेत, ज्यांना इथे 572 आणि 1900 ले-आउट म्हणून ओळखतात. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नागपूर सुधार प्रन्यास अशा प्लॉटना नियमित करून आरएल देतं. आरएल नाही तर बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही, बँकेचं कर्ज मिळत नाही. ‘अर्ज टाकलाय, होऊन जाईल’ म्हणजे आरएल नाही, असंच समजा. ‘डिमांड भरली आहे’, म्हणजे त्यासाठी मागितलेली रक्कम भरली, म्हणजेही आरएल नाही. आरएलवर तुमच्याच प्लॉटचा क्रमांक, खसरा (जमिनीचा भूमापन क्रमांक) आणि क्षेत्रफळ आहे का ते बघा; कितीतरी वेळा पत्र शेजारच्या प्लॉटचं दाखवलं जातं. बेसा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, तिथली मंजुरी आणि नियमितीकरण एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) तपासा. विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता किंवा मैदानाचं आरक्षण नाही ना, हेही तिथेच कळतं. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा आणि विक्रीपत्र मूळ मालकाकडूनच घ्या. नुसत्या मुखत्यारपत्रावरच्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय.

जमिनीचंही बघा. या भागात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि उथळ पायावरचं घर दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तडकू लागतं. पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो किंवा आरसीसी कॉलम-बीम घ्यावे लागतात, आणि तो खर्च प्लॉटच्या भावात दिसत नाही. सौदा ठरवण्याआधी एक खड्डा खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. भर पावसात जाऊन पाणी कुठे साचतं ते बघा. आणि रहिवाशांना विचारा की उन्हाळ्यात नळ असतो की टँकर. घर-फ्लॅट घ्यायची वेळ आली तर एकट्या तुमच्या नावावर घ्या. महिलेच्या नावावरच्या निवासी घराला राज्यात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

राहिलं दुकान. मिस्टरांचा हात कसलेला असणार यात शंका नाही, पण दुबईत त्यांनी सांभाळलं ते मोठ्या इमारतींचं वर्षभर चालणारं काम. नागपूरचा एसीचा हंगाम फेब्रुवारीत सर्व्हिसिंगने उघडतो, एप्रिल-मेमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि जुलैनंतर फोन थंडावतो. मार्चअखेर येऊन भर हंगामात दुकान उघडलं तर माणसं मिळत नाहीत, कारण चांगले टेक्निशियन आधीच बांधले गेलेले असतात. दुकान सजेपर्यंत पावसाळा येतो आणि मग भाडं सहा महिने खिशातून जातं. म्हणून पहिला हंगाम एखाद्या अधिकृत सर्व्हिस सेंटरसोबत किंवा ठेकेदारासोबत काढा. स्पेअर पार्ट कोणाकडे उधारीवर मिळतात, कोणत्या वस्तीत काय दर चालतो, कोण पैसे थकवतो, हे त्या चार महिन्यांत कळतं. घरगुती नव्या एसीत आता बहुधा आर-32 गॅस असतो. तो थोडा ज्वलनशील असल्याने त्याचे गेज, व्हॅक्यूम पंप आणि सवयी वेगळ्या लागतात. गॅस शिल्लक असताना ब्रेझिंग (ज्योतीने नळ्या जोडणं) करायचं नाही. नाल्याजवळच्या घरांत तांब्याची कॉइल काळी पडून गळते, अशा गिऱ्हाइकाला नुसता गॅस भरून दिला तर महिन्यात बोलावणं येतं आणि बदनामी होते.

पावसाळ्यात मिस्टरांनी दवाखाने, लॅब, कोल्ड रूम आणि हिंगणा-बुटीबोरीतल्या कारखान्यांची वार्षिक कंत्राटं मिळवायला फिरावं. दुबईच्या अनुभवाला खरी किंमत तिथे आहे, आणि ते काम हंगामावर अवलंबून नसतं. कंत्राटाचे पैसे दीड-दोन महिने उशिराने येतात, तेवढं खेळतं भांडवल हाताशी हवं. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मोजकीच माणसं असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन कळवावं लागतं. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. कंपन्यांची कंत्राटं घ्यायची असतील तर तो आधीच घेतलेला बरा, कारण त्या जीएसटीचं बिल मागतात. दुकानाचा गाळा पुढच्या जानेवारीत घ्या, दोन कारागीर फेब्रुवारीच्या आधी पगारावर ठेवा, आणि हिशेबाची वही तुमच्याकडे असू द्या.